ऑपरेशनआधी मेंदूही तपासा

ऑपरेशन ठरले की रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे अशी तपासण्यांची यादी हातात पडते. तीत मेंदू सहसा नसतो. मग ऑपरेशन नीट पार पडूनही दुसऱ्या दिवशी आजोबा घरच्यांना ओळखेनासे होतात, सलाईनची नळी उपसू पाहतात, रात्रभर बरळतात. हा डिलिरियम. ‘भूल जास्त झाली’ असे घरच्यांना वाटते. पण स्मृती आणि आकलन आधीच मंदावलेले असणे हे त्यामागचे एक मोठे कारण असते. रोजच्या सवयीच्या कामांत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ते ओळखण्याची जुनी चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाने घड्याळाचे चित्र काढायचे आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायचे. पूर्वी गुण मिळत ते फक्त तयार चित्राला. अमेरिकेत एमआयटीचे रँडल डेव्हिस आणि लेही रुग्णालयाच्या डेना पेनी यांनी या चाचणीसाठी डिजिटल पेन वापरले. दिसायला ते बॉलपेनच, पण सेकंदाला ८० हून अधिक वेळा ते कागदावरची आपली जागा टिपते. त्यामुळे हात कुठे थबकला, काटा काढण्याआधी विचारात किती वेळ गेला, हेही कळते. चित्र अचूक आले तरी ते काढताना पडलेले कष्ट लपत नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठात कॅथरीन प्राइस यांच्या गटाने ही चाचणी शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत आणली.

अर्थात, चाचणी म्हणजे निदान नव्हे. शिक्षण, नजर, हाताची थरथर हे सगळे पाहूनच तिचा अर्थ लावावा लागतो. शाळेत न गेलेल्या आजींना केवळ घड्याळावरून जोखणे अन्यायाचे होईल.

धोका आधी कळला तर करण्यासारखे पुष्कळ आहे. संशोधक शॅरन इनोये यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. लवकर चालवणे, पुरेसे पाणी, शांत झोप, चष्मा आणि श्रवणयंत्र, वेळ-स्थळाची आठवण करून देणे एवढ्यावर डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले.

घरातल्या ज्येष्ठांचे ऑपरेशन ठरले असेल, तर वाढलेला विसराळूपणा, झोपेच्या गोळ्या आणि आधीच्या ऑपरेशननंतर उडालेला गोंधळ भूलतज्ज्ञांना न संकोचता सांगा. मेंदूची तपासणी कराल का, असेही विचारा. आणि चष्मा, श्रवणयंत्र सोबत न्यायला विसरू नका.