शपथेवर सांगतो की

‘वाचून दाखवलं का वकीलसाहेबांनी?’
‘दाखवलं.’
‘समजलं?’
‘समजलं की.’
‘सगळं खरं आहे ना?’
‘खोटं कशाला सांगू, साहेब?’

तालुक्याच्या कोर्टात, मग ते मंठ्याचं असो नाहीतर परतूरचं, हा संवाद अर्ध्या मिनिटात उरकतो. मग शाईचा डबा पुढे सरकतो, अंगठा उमटतो, त्याशेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलं जातं, ओळख पटवणारा वकील सही करतो आणि खाली ‘माझ्यासमोर’ म्हणून शिक्का पडतो. शिक्का मारणारा न्यायाधीश नसतो. बहुधा तो नाझर असतो, नाहीतर सहायक अधीक्षक.

नाझर म्हटलं की लोकांना बेलीफ, समन्स आणि कोर्टात भरलेल्या पैशांची पावती आठवते. नजर ठेवणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. शपथ देण्याचा अधिकार मात्र त्याला पदासोबत आपोआप मिळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 139 नुसार शपथपत्रावर शपथ देऊ शकतात ते न्यायालय, दंडाधिकारी, नोटरी, उच्च न्यायालयाने नेमलेली व्यक्ती, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या न्यायालयाने नेमलेला अधिकारी. कोर्टातला कर्मचारी यांतल्या शेवटच्या दोन वाटांनी या यादीत येतो. त्याला निकाल देता येत नाही की तारीख देता येत नाही, पण त्याच्यासमोर जे खरं म्हणून सांगितलं ते खोटं निघालं, तर सांगणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 229 तसं सांगतं.

सिनेमातल्या गीतेचं इथे काही काम नाही. हिंदू-मुसलमान साक्षीदारांना गंगाजलावर किंवा कुराणावर शपथ द्यायची पद्धत कंपनी सरकारच्या कोर्टांतून 1840 च्या कायद्यानेच हटवली. आज 1969 चा शपथ कायदा चालतो. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणा, नाहीतर ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ म्हणा, वजन तेवढंच. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असं कोर्टाला वाटलं, तर त्याची साक्ष शपथेविनाही घेता येते. मला या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच वाटतं.

आपल्याकडची जुनी शपथ मात्र हातात काहीतरी ठेवूनच व्हायची. बेलभंडारा उचलायचा. वतनाचा तंटा चिघळला तर रवादिव्य, म्हणजे उकळत्या तुपातला धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हात भाजतो का ते गोताने पाहायचं. 1873 च्या इंग्रजी शपथ कायद्यातही या विचाराचा अंश शिल्लक होता. ‘समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मला मान्य’ असं एका पक्षाला म्हणता यायचं आणि मग ती शपथ निर्णायक ठरायची. 1969 साली ती सोय गेली. 1873 चा तो कायदा आला तेव्हा मंठा-परतूरचा हा मराठवाडा मात्र निजामाकडे होता, त्यामुळे इथल्या कोर्टकचेरीच्या बोलीत शपथपत्रासाठी ‘हलफनामा’ हा शब्द रुजला.

2002 पासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपासही शपथपत्रावर येतो. आधी माणूस पिंजऱ्यात उभा राहून आपल्या तोंडाने सांगायचा. आता त्याचं सांगणं टाइप होऊन येतं, आणि खरी गंमत तिथेच होते. शेतकरी म्हणतो, ‘त्यानं धुऱ्यावर नांगर घातला.’ कागद म्हणतो, ‘सदर प्रतिवादीने वादीच्या कब्जेवहिवाटीतील क्षेत्रावर बेकायदेशीर अतिक्रमण केले.’ शपथ पहिल्याची आणि शब्द दुसऱ्याचे. या दोघांमधला सांधा बसला का, हे विचारणारा शेवटचा माणूस म्हणजे शिक्का हातात घेऊन बसलेला कर्मचारी.

पैशाची बाजू थोडक्यात. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क शंभरावरून पाचशे झालं. कोर्टात दाखल करायच्या शपथपत्राला मात्र ते लागत नाही. जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून माफी आहे, आणि 2015 पासून बऱ्याच ठिकाणी साधं स्वघोषणापत्र चालतं. तरीही स्टॅम्पपेपर हातात असल्याशिवाय आपल्या माणसाला कागद पक्का वाटत नाही.

मागे एका शहरात माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र मी घरी चहा घेत असताना तयार होऊन आलं. गोल शिक्का ठसठशीत, नोंदवहीचा क्रमांकही होता. ‘माझ्यासमोर’ हे शब्द आधीच छापलेले होते.

म्हणून कागद मोठ्याने वाचणारा कर्मचारी भेटला की मी थांबून ऐकतो. एकदा असंच वाचन चाललं होतं. गट नंबर आला तसा समोरचा म्हातारा टोपी सावरत म्हणाला, ‘थांबा साहेब, ह्यो तर माझ्या चुलत्याचा गट.’ वकिलाने कपाळावर हात मारला. आकडा खोडला, वर नवा लिहिला. त्या खाडाखोडीवर म्हाताऱ्याचा अंगठा पुन्हा उमटला आणि शेजारी कर्मचाऱ्याची छोटी सही झाली.