ब्रेक गेलेली गाठ

आम्ही वॉर्डात नोकरीला असताना ३४ वर्षांची एक बाई आली होती, अंगावर पिणारं बाळ घेऊन. स्तनातली गाठ दुधाची असेल म्हणून घरी चार महिने शेक दिला. दुखत नव्हती, मग घाई कशाला? तपासणीत कॅन्सर निघाला, तोवर तो काखेत पोहोचला होता. तिची आत्या तरुणपणीच याच आजाराने गेली होती. पण 'ते बापाकडचं' म्हणून कुणी डॉक्टरांना सांगितलंच नाही.

बापाकडचंही मोजायचं असतं. का, ते सांगतो.

पेशींची वाढ आवरणारी काही जनुकं असतात, रिक्षाला ब्रेक असतो तशी. टीपी ५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवतं, सुधारत नसेल तर मरायला लावतं. बीआरसीए १ हे तुटलेला डीएनए सांधतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. पण जिला जन्मतःच एक बिघडलेली मिळाली, तिच्या एखाद्या पेशीतली दुसरीही गेली की त्या पेशीला ब्रेकच उरत नाही. मग चुकांवर चुका साठतात, गाठ कमी वयात येते आणि भरभर वाढते. बीआरसीए १ बिघडलेलं असेल तर बहुतेकदा 'ट्रिपल निगेटिव्ह' कॅन्सर होतो. त्यावर टॅमॉक्सिफेनची गोळी चालत नाही, केमो चालते.

यात करणी नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही, सुनेचा पायगुण तर नाहीच नाही. आणि घाबरूनही जाऊ नका. स्तनाच्या १०० कॅन्सरपैकी वारशाने आलेले ५ ते १०च. बाकीच्यांत बिघाड त्या गाठीपुरताच असतो, लेकीकडे जात नाही. वारशाचा असेल तर मात्र प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाप स्वतः ठणठणीत राहून लेकीला देऊ शकतो.

म्हणून न दुखणारी गाठ, आत ओढलेलं बोंड, रक्ताळ पाणी दिसलं तर बाळ पीत असलं तरी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करून घ्या. कॅन्सर निघालाच तर रिपोर्टवर ईआर, पीआर, हर-टू काय लिहिलंय ते विचारा. तिन्ही निगेटिव्ह असतील, किंवा घरात कुणाला तरुण वयात झाला असेल, तर जनुक तपासणीचं डॉक्टरांकडे काढा. ती रक्तावर होते. ऑपरेशन, केमोला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, रेशनकार्ड सोबत न्या.

आणि केसपेपरच्या मागे आधीच लिहून ठेवा: आई, मावशी, आजी, आत्या, बापाची आई, कुणाला झाला, कितव्या वर्षी.