स्पंज, सागरी : जननिक विविधता, गुप्त जाती व प्रसार

बाह्य स्वरूपावरून एकच भासणाऱ्या, परंतु जननिक दृष्ट्या भिन्न असलेल्या व परस्परांत संकर न होणाऱ्या जातींना ‘गुप्त जाती’ असे म्हणतात. छिद्री संघातील सागरी स्पंजांत अशा जाती वारंवार आढळून आल्या आहेत. स्पंजांच्या ९,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांतील बहुसंख्य सागरी आहेत. अनेक समुद्रांत पसरलेल्या म्हणून मानल्या गेलेल्या काही जाती वस्तुतः मर्यादित क्षेत्रांत राहणाऱ्या भिन्न जातींचे समूह आहेत, असे १९८० नंतरच्या संशोधनावरून दिसून आले आहे.

वर्गीकरणातील अडचणी : स्पंजांना खरे अवयव नसतात. लाटांचा मारा, प्रकाश, गाळ इत्यादींनुसार एकाच जातीचे आकार व रंग बदलतात. म्हणून वर्गीकरण मुख्यतः सांगाड्यातील कंटिका (सिलिकामय किंवा चूर्णमय सूक्ष्म काटे) व तंतू यांवर आधारलेले असते. तथापि कित्येक वंशांत कंटिकांचे प्रकार फार थोडे असतात. उदा., काँड्रिला न्यूक्युला या स्पंजात केवळ ताऱ्यासारख्या गोलसर कंटिका असतात. ऑस्कर श्मिट यांनी १८६२ मध्ये एड्रिअ‍ॅटिक समुद्रातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. पुढे तेच नाव दूरदूरच्या समुद्रांतील स्पंजांना देण्यात आले.

जननिक पुरावा : विद्युत् क्षेत्रात एंझाइमांचे प्रकार अलग करण्याच्या पद्धतीमुळे जीनांमधील (गुणसूत्रांवरील आनुवंशिक घटकांमधील) फरक ओळखणे शक्य झाले. एकाच ठिकाणी राहणाऱ्या दोन गटांत एखाद्या जीनाची भिन्न रूपे असून मिश्र रूपाच्या व्यक्ती मुळीच आढळत नसतील, तर त्या गटांत प्रजनन होत नाही, असा निष्कर्ष निघतो. सोले-काव्हा व थॉर्प यांनी १९८६ मध्ये सुबेराइटिस फायकस या स्पंजाच्या रूपभेदांतील जननिक फरक अशा रीतीने अभ्यासले. काँड्रिला न्यूक्युला या एका नावाखाली भूमध्य समुद्र व अटलांटिक महासागर येथील निदान पाच जाती एकत्र आल्या असल्याचे १९९९ मध्ये दिसून आले. त्यांपैकी कॅरिबियन समुद्रातील स्पंजाला २००७ मध्ये काँड्रिला कॅरिबेन्सिस असे स्वतंत्र नाव मिळाले. शिंपले व चुनखडक पोखरणाऱ्या क्लायोना सिलाटा या स्पंजाचे मूळ वर्णन १८२६ मध्ये स्कॉटलंडमधील नमुन्यांवरून झाले होते. ईशान्य अटलांटिक व भूमध्य समुद्र एवढ्याच भागात या नावाखाली अनेक स्वतंत्र वंशशाखा असल्याचे २०१० मध्ये डीएनएवरून सिद्ध झाले.

जननिक पुराव्यालाही मर्यादा आहेत. बऱ्याच स्पंजांत कोशिकेतील कलकणूंच्या डीएनएमध्ये बदल अतिशय मंद गतीने होतात. त्यामुळे या डीएनएचा एखादा तुकडा सारखा आढळला, म्हणजे जाती एकच, असे म्हणता येत नाही. याकरिता केंद्रकातील अनेक जीन व कंटिकांची रचना यांचा एकत्र विचार करतात.

प्रसार : प्रौढ स्पंज एका जागी चिकटून राहतात. अनेक जातींत पाण्याबरोबर आलेल्या शुक्राणूंनी शरीरातच अंड्यांचे निषेचन होते आणि पक्ष्माभिकांच्या (केसांसारख्या सूक्ष्म वाढींच्या) साहाय्याने पोहणारे डिंभ बाहेर पडतात. हे डिंभ सामान्यतः अन्न घेत नाहीत. शरीरातील साठ्यावर ते काही तास ते काही दिवस जगतात व नंतर तळाला चिकटतात. परिणामी लांबच्या समूहांत जीनांची देवघेव कमी होते. भूमध्य समुद्रातील खडकांवर लाल थर तयार करणाऱ्या क्रॅम्बे क्रॅम्बे या स्पंजाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या समूहांत स्पष्ट जननिक फरक असल्याचे २००४ मध्ये आढळले. वादळात तुटलेले तुकडे पुन्हा रुजणे, तरंगत्या वस्तू व जहाजांचे तळ यांमुळे मात्र काही स्पंज दूरवर पोहोचू शकतात. त्यामुळे विस्तृत प्रसार दिसला की, तो नैसर्गिक, मानवकृत की केवळ चुकीच्या नामकरणाचा परिणाम, हे प्रत्येक बाबतीत तपासावे लागते.

महत्त्व : स्पंजांपासून औषधी द्रव्ये मिळतात. हॅलिकाँड्रिया ओकाडाय या जपानी स्पंजात सापडलेल्या संयुगाच्या आधारे तयार केलेले एरिब्युलिन हे कर्करोगावरील औषध २०१० मध्ये मान्य झाले. द्रव्य नेमक्या कोणत्या जातीतून मिळाले, हे ठाऊक नसल्यास ते पुन्हा मिळविणे कठीण होते. संरक्षणाच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जाती सर्वत्र आढळते असे मानल्यास एका किनाऱ्यावरील तिचा नाश किरकोळ वाटतो. पण तेथील समूह ही स्वतंत्र जाती असेल, तर ती कायमची नष्ट होते. शिवाय डिंभ दूर जात नसल्याने ओस पडलेली जागा शेजारच्या समूहांकडून लवकर भरून निघत नाही. भारतीय किनाऱ्यांवरील अनेक स्पंजांची नोंद यूरोपीय जातींच्या नावांनी झाली असून क्लायोना सिलाटा हे त्यांपैकी एक होय. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांना पोखरणाऱ्या क्लायोना थॉमसाय या नव्या जातीचे वर्णन २०१९ मध्ये झाले. त्यावरून जुन्या नोंदींची फेरतपासणी किती आवश्यक आहे, हे लक्षात येते.