वृद्ध तारकागुच्छातील चिरतरुण तारे

आकाशातील तारे अविकारी आहेत ही समजूत फार जुनी आहे, आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. पणजोबांनी पाहिलेली रोहिणी आणि पणतवंडांनी पाहिलेली रोहिणी यांत नुसत्या डोळ्यांना काहीच अंतर दिसत नाही. ताऱ्याचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे, तर मनुष्याचे पुरते शंभराचेही नाही. असे असता तारे जन्मतात, प्रौढ होतात, जर्जर होतात व विझतात, हे ज्योतिःशास्त्रज्ञ इतक्या निःशंकपणे कशाच्या आधारावर सांगतात, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात उभा राहील. या प्रश्नाचे उत्तर एका वृद्ध तारकागुच्छाच्या आधारे आम्ही येथे देणार आहोत. त्या उत्तराला काही काळ बाध आणू पाहणाऱ्या एका कोड्याचीही हकीकत त्याबरोबरच सांगितली पाहिजे.

प्रथम शिक्षकांना परिचित असलेला एक दृष्टान्त घेऊ. एखादा परका गृहस्थ एकच दिवस शाळेत आला, तरी लहानमोठी मुले पाहून मनुष्य वाढतो कसा याची कल्पना त्याला करता येईल. मात्र केवळ उंचीवरून वय ठरवू गेल्यास तो फसेल. कारण तिसरीतला एखादा थोराड मुलगा पाचवीतल्या किरकोळ मुलाहून उंच असतो. त्याच्या हाती हजेरीपट दिला म्हणजे घोटाळा मिटतो. आकाशात असा हजेरीपट मिळतो तो तारकागुच्छांत. वायू व धूळ यांच्या एकाच मेघातून एकाच सुमारास जन्मलेले शेकडो तारे तेथे एकत्र असतात. त्यांचे वय एक, घटकद्रव्ये तीच आणि आपल्यापासूनचे अंतरही जवळजवळ एकच. त्यांच्यात जो भेद दिसतो तो मुख्यतः वस्तुमानाचा, हे गृहीत धरून पुढे जाता येते.

आपल्या परिचयाच्या कृत्तिका हा असाच एक गुच्छ होय. पण तो बाल्यावस्थेत आहे. त्याचे वय सुमारे १० कोटी वर्षे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने अगदीच थोडे. अशा सैल गुच्छांतील तारे आकाशगंगेच्या ओढाताणीत हळूहळू पांगतात. म्हणून वृद्ध गुच्छ विरळा. कर्क राशीतील मेसिए ६७ हा अशा विरळ्यांपैकी एक आहे. फ्रेंच ज्योतिषी शार्ल मेसिए याने १७८० साली आपल्या यादीत त्याची नोंद केली. कर्केतील आल्फा ताऱ्याच्या पश्चिमेस दोन अंशांहूनही कमी अंतरावर तो आहे. चांगल्या दुर्बिणीतून तेथे पूर्णचंद्राएवढ्या जागेत धुरकट प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. तो सुमारे २८०० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे आहे. आपल्या सूर्याचे वय ४५७ कोटी वर्षे. ताऱ्यांची घटकद्रव्येही सूर्यासारखीच. तेव्हा हा गुच्छ म्हणजे सूर्याच्या जवळजवळ समवयस्कांचा मेळावाच होय.

ताऱ्याचे आयुष्य त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते, आणि येथील नियम व्यवहाराच्या उलट वाटतो. मोठी मिळकत असलेला मनुष्य अधिक दिवस पुरवून खातो. मोठा तारा मात्र लवकर दिवाळखोर होतो. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा दहापटीहून अधिक प्रकाश उधळतो. साहजिकच त्याचे हायड्रोजनरूपी इंधन सूर्याच्या फार आधी संपते. ताऱ्यांचा रंग एका अक्षावर व तेज दुसऱ्या अक्षावर मांडून आलेख काढला, तर इंधन शांतपणे जाळणारे तारे एका तिरप्या पट्ट्यात येतात. या पट्ट्यास मुख्य श्रेणी म्हणतात. निळे, उष्ण व जड तारे तिच्या वरच्या टोकास, तर तांबूस, थंड व हलके तारे खालच्या टोकास असतात. गुच्छ म्हातारा होऊ लागला की श्रेणीचे वरचे टोक प्रथम झडते. तेथील तारे फुगून रक्तवर्णी राक्षसी तारे बनतात. श्रेणी कोठवर शिल्लक आहे हे पाहिले की गुच्छाचे वय कळते. मेसिए ६७ मध्ये ती सूर्याच्या सुमारे सव्वापट वस्तुमानापाशी वळते. त्याहून जड तारे तेथे मुख्य श्रेणीत असता कामा नयेत.

परंतु ते आहेत! जॉन्सन व सँडेज या अमेरिकन ज्योतिषांनी १९५५ साली या गुच्छाचे रंग व तेज मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा वळणाच्या वर, जेथे जागा रिकामी हवी तेथे, काही निळे तारे आढळले. त्याआधी १९५३ मध्ये मेसिए ३ या गोलाकार गुच्छात सँडेजला असेच तारे दिसले होते. मेसिए ६७ मधील अशा ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी तो दहाव्या प्रतीचा आहे. सर्व सवंगडी पुढच्या इयत्तेत गेले असता हे मागेच रेंगाळले आहेत असे दिसते. म्हणून त्यांस रेंगाळणारे निळे तारे असे नाव पडले. प्रश्न साधा नव्हता. हे तारे खरोखरच गुच्छातील आणि खरोखरच तितक्याच वयाचे असतील, तर ताऱ्यांच्या आयुर्मानाचा आमचा सारा हिशेबच संशयास्पद ठरतो. आणि त्या हिशेबावर तर सूर्याचे भवितव्यही सांगितले जाते.

या कोड्याचा उलगडा रूपविकारी व जोड ताऱ्यांच्या वेधांतून झाला. त्याचा प्रारंभ शोधू गेल्यास आपण थेट १७८३ सालापर्यंत मागे जातो. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी नेमाने मंद होतो, हे इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक याने त्या वर्षी जाहीर केले. गुडरिक त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता आणि बालपणापासून बहिरा होता. एखादे काळोखे बिंब ताऱ्यास ग्रासीत असावे, हा त्याचा तर्क पुढे १८८९ मध्ये पॉट्सडॅम येथे फोगेल याने वर्णपटाच्या साहाय्याने खरा ठरविला. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असता एक दुसऱ्यास झाकतो; असे तारे म्हणजे पिधानकारी युग्मे. निसर्गाने आपल्याला दिलेला हा तराजू आहे. ग्रहणाच्या काळावरून आकारमान आणि वर्णपटातील सरकणाऱ्या रेषांवरून वस्तुमान निघते. ध्रुवाजवळच्या एन्.जी.सी. १८८ या आणखी वृद्ध गुच्छात साडेसहा दिवसांच्या आवर्तनाचे असे एक युग्म आहे. त्यातील ताऱ्यांची वस्तुमाने सूर्याच्या १.१० व १.०८ पट भरली आणि त्यावरून गुच्छाचे वय सुमारे ६२० कोटी वर्षे ठरले.

अल्गोलमध्ये मात्र तराजूने एक विपरीत गोष्ट दाखविली. त्यातील सूर्याच्या तिपटीहून थोडा जड तारा अद्याप मुख्य श्रेणीत तरुण आहे, आणि सूर्याच्या ०.७ पट एवढाच तारा फुगून वार्धक्याकडे झुकला आहे. जड तो आधी म्हातारा होतो, या नियमाच्या हे अगदी उलट झाले. याचे समाधान असे. आज हलका दिसणारा तारा मुळात जड होता. तो नियमाप्रमाणे आधी फुगला. फुगल्यावर त्याच्या बाह्य थरांतील द्रव्य जोडीदाराच्या आकर्षणकक्षेत जाऊन त्याच्यावर कोसळले. अशा रीतीने थोरल्याची मिळकत धाकट्याच्या पदरी पडली. रेंगाळणाऱ्या निळ्या ताऱ्याचे तारुण्य हे बहुधा असेच उसने असते.

द्रव्य मिळविण्याचा दुसरा मार्ग याहून अघोरी आहे. मेसिए ६७ मधील ए.एच्. कॅन्क्री हे युग्म पाहा. त्याचे दोन तारे इतके निकट आहेत की त्यांची वातावरणे एकमेकांस भिडली आहेत. त्यांची प्रदक्षिणा ८ तास ३९ मिनिटांत पुरी होते. असे तारे शक्ती गमावीत जवळ येतात व अखेर एकरूप होतात. हा केवळ तर्क नव्हे. वृश्चिक राशीतील व्ही १३०९ या ताऱ्याचा २००८ साली स्फोट झाला. त्याचे आधीच्या सहा-सात वर्षांचे वेध एका पोलिश वेधमोहिमेच्या संग्रहात होते. ते तपासता, सुमारे १.४ दिवसांच्या आवर्तनाचे ते एक भिडलेले युग्म होते, आणि आवर्तनकाल सतत घटत घटत दोन्ही तारे एकमेकांत मिसळले, असे निष्पन्न झाले.

निर्णायक साक्ष मात्र निळ्या ताऱ्यांच्या जोडीदारांनी दिली. एन्.जी.सी. १८८ मधील २१ निळ्या ताऱ्यांपैकी १६ जोडतारे असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. गुच्छातील सामान्य ताऱ्यांत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. ज्याने द्रव्य दिले त्याचा गाभा श्वेत लघुताऱ्याच्या रूपाने मागे उरला पाहिजे. असा गाभा फार उष्ण असतो. म्हणून तो जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांत शोधावा लागतो, आणि हे किरण पृथ्वीचे वातावरण अडविते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय वेधशाळेवर याच किरणांची दुर्बीण होती. तिच्या साहाय्याने मेसिए ६७ मधील एका निळ्या ताऱ्याजवळ असा गाभा सापडला, आणि तो शोध २०१९ साली प्रसिद्ध झाला. चार दिवसांहून किंचित अधिक काळात ही जोडी प्रदक्षिणा पुरी करते. त्या गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या पंचमांशाहूनही कमी आहे. एकट्या राहणाऱ्या ताऱ्यास इतका हलका अवशेष मागे ठेवण्यास विश्वाचे आजवरचे वयही अपुरे आहे. त्याचे द्रव्य जोडीदाराने घेतले, हाच अर्थ उरतो. नियम मोडलेला नव्हता; ज्यांना आपण एकटे समजत होतो ते एकटे नव्हते.

हे काम केवळ उपग्रहांचे आहे असे मात्र समजू नये. ताऱ्याचे तेज मोजण्याची रीत तुलनेची आहे: विकारी ताऱ्याशेजारचा अविकारी तारा निवडावयाचा आणि दोहोंतील अंतर ठरावीक वेळाने नोंदवावयाचे. गुच्छात तर तुलनेचे तारे एकाच दृष्टिक्षेपात मिळतात. विरळ ढग आला तरी तो सर्वांना सारखाच झाकतो. ए.एच्. कॅन्क्री सुमारे तेराव्या-चौदाव्या प्रतीच्या दरम्यान असून सुमारे ०.४ प्रतीने कमीजास्त होतो. आठ इंची दुर्बीण व तीस जोडलेला छायाग्राहक असेल, तर एकाच रात्रीत त्याची दोन्ही ग्रहणे टिपता येतात. मार्चच्या मध्यास रात्री पावणेदहाच्या सुमारास हा गुच्छ मध्यमंडलावर येतो. गोवा व बेळगाव येथून तो खस्वस्तिकाच्या दक्षिणेस अवघ्या चार अंशांवर, हैदराबादेहून साडेपाच अंशांवर, तर ग्वाल्हेरीहून सुमारे चौदा अंशांवर दिसतो. इतकी सोयीची जागा युरोपातील वेधकर्त्यांच्या वाट्यास येत नाही. आपल्याकडे ही परंपराही नवी नाही. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्येच एक रूपविकारी तारा शोधला होता. उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर येथील ४८ इंची दुर्बिणीवर १९६८ नंतर पिधानकारी युग्मांचे वेध घेतले गेले.

या साऱ्या हकीकतीत शाळेत सांगण्याजोगे बरेच आहे. एखादे उदाहरण नियमात बसेना, तर उदाहरण खोटे म्हणून टाकून देणे सोपे आणि नियम खोटा म्हणून टाकून देणे त्याहूनही सोपे. ज्योतिषांनी दोन्ही केले नाही. अर्धशतकाहून अधिक काळ ते तेच तारे रात्रीमागून रात्री मोजीत राहिले. आपला सूर्य एकटा आहे. त्याला कोणाचे द्रव्य मिळणार नाही व त्याचे कोणी नेणार नाही. तेव्हा आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो नियमाप्रमाणे मुख्य श्रेणी सोडील, हे आता अधिक विश्वासाने म्हणता येते. त्या नियमाची कसोटी ज्या गुच्छावर लागली तो कर्केतील गुच्छ एकदा तरी आपल्या विद्यार्थ्यांना दाखवावा, एवढीच शिक्षकवर्गास आमची विनंती आहे.