मुख कारागिराचे, अंग घरचे

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठागौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, हा क्रम सर्वत्र एकच. गौरीचे रूप मात्र घरागणिक निराळे. कोणी पाणवठ्यावरून पाच वा सात खडे आणतात, कोणी तेरड्याची रोपे पुजतात. विदर्भ-मराठवाड्यात व देशावरील अनेक घरांत मात्र महालक्ष्म्या लुगडी नेसून उभ्या राहतात. या उभ्या गौरींविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे. कारण त्यांचे मुख कारागीर घडवितो, पण अंग घरच्या स्त्रियांनी घडवावयाचे असते.

पितळी मुखवटेही पुष्कळ घरी आहेत. परंतु शाडूच्या मुखाची कोवळीक धातूला येत नाही, असे आमचे मत आहे. शाडू कुटून, चाळून, भिजवून लोण्यासारखा मळतात. साच्यात दाबून काढलेला मुखवटा सावलीत वाळवावा लागतो. घाईने उन्हात ठेवल्यास त्याला तडे जातात. ते लिंपून, घासून, पांढऱ्या रंगाचा हात द्यावयाचा, त्यावर अंगरंग, आणि सर्वांत शेवटी डोळे. भुवईची रेघ एका दमात ओढली गेली पाहिजे. एकाच साच्यातून निघालेल्या दोघी बहिणी ज्येष्ठा व कनिष्ठा म्हणून वेगळ्या ओळखू येतात, त्या या रेघेच्या किंचित फरकाने.

असे मुख घरी आले तरी गौर अजून उभी राहिलेली नसते. काही घरी मडक्यांची उतरंड रचून तीवर मुखवटा बसवितात. काही घरी पत्र्याच्या कोठीत गहू-तांदूळ भरून तिचे अंग करतात. तर काही ठिकाणी कापडी धड शिवून त्यात कापूस ठासतात. पद्धत कोणतीही असो, खरी कसोटी मानेपाशी लागते. मातीचे मुख जड. बैठक ढिली राहिली तर ते आरतीच्या गडबडीत पुढे कलते. म्हणून जुन्या जाणत्या बायका मानेभोवती जुनेराची घट्ट चुंबळ करून मगच मुख ठेवतात. हात कापडाचे, कापूस भरून शिवलेले. ते खांद्याशी सैल टाचले, तर बांगड्यांच्या ओझ्याने लोंबतात.

त्यानंतर लुगडे. निऱ्या आधी बोटांवर घालून, दोऱ्याने बांधून, नंतर कमरेशी खोवाव्यात. पदर शेवटी घ्यावा. कोऱ्या, खळीच्या वस्त्राला चुण्या ऐकत नाहीत. अशा वेळी दोघी-तिघींचे हात लागतात. सासू निरी धरते, सून टाचणी लावते, आणि कोठे किती सोडावयाचे हे कोणी शब्दाने न सांगताही धाकटीला कळते.

अलीकडे बाजारात शिवलेल्या निऱ्यांसह तयार गौरी मिळतात. नोकरी करणाऱ्या भगिनींची ओढाताण आम्ही जाणतो. तयार बैठक घेण्यास आमची हरकत नाही. पण वस्त्र तरी घरच्या हातांनी नेसवावे. ते एक वर्ष चुकले तर पुढील वर्षी जमेल. सलग दहा वर्षे चुकले, तर त्या घरात निरी धरून दाखविणारे कोणी उरणार नाही.

शाडूचा मुखवटा कधीही पाण्याने धुऊ नये. कोरड्या कापसाने हळूच टिपावा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुखवटा हलका व स्वस्त खरा, परंतु भंगल्यावर तो पाण्यात विरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० च्या सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक मातीचाच आग्रह धरला. भंगलेला शाडू घरच्या बादलीतही विरतो. ते पाणी तुळशीखेरीज अन्य झाडांना घालावे, अशी काही घरांची रीत आहे.

तिसऱ्या दिवशी अक्षता वाहून मुखवटे किंचित हलविले की विसर्जन झाले. लुगडी लेकी-सुनांकडे जातात, कोठीतले धान्य स्वयंपाकघरात परतते, आणि मुखवटे मऊ जुनेरात गुंडाळून, ओल न लागणाऱ्या फडताळात, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले जातात.