शब्दांना चेहरा देताना

रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती ज्यांनी लहानपणी बोटाने गिरवल्या असतील, त्यांना कमल शेडगे हे नाव नव्याने सांगायला नको. नाटक पाहायचे की नाही, हे आमच्या घरी निम्मेअधिक त्या नावाच्या अक्षरांवरूनच ठरे. वेगळे चित्र काढायचे नाही, शब्दाचा अर्थ त्या शब्दाच्याच अंगावर उमटवायचा, ही शेडग्यांची किमया. ते २०२० साली गेले, पण मराठी माणसाला अक्षर ‘पाहायला’ शिकवून गेले.

आता नाटकाचे नाव म्हणजे फार तर चार-पाच शब्द. एखादा अख्खा ग्रंथच असा डोळ्यांना दाखवायचा म्हटले तर? तोही बायबलसारखा, ज्याच्या दहा आज्ञांतच मूर्ती घडवू नकोस अशी सक्त ताकीद आहे! आजकाल तरुण डिझायनर संगणकावर बसून बायबलच्या एकेका पुस्तकाचे एकेक पोस्टर करतात. ही हौस आजची वाटते खरी, पण तिचे मूळ फार जुने आहे.

ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथाची जी गुंडाळी असते, तिच्यात एकही चित्र नसते. चर्मपत्रावर काळ्या शाईने हाताने लिहिलेल्या ओळी, बस्स. पण इजिप्तच्या गुलामीतून सुटून समुद्रापार गेलेल्या लोकांनी गायिलेले गीत आले, की पानाचे रूपच बदलते. ओळी मध्येच तुटतात, मोकळ्या जागा पडतात. वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेखाली पुढच्या ओळीतला मजकूर येतो. गवंडी विटा रचतो तसे. लेखनिकाने ते गीत असेच लिहायचे, हा शतकानुशतकांचा नियम आहे. काहींना त्या मोकळ्या जागांत दुभंगलेले पाणी दिसते. मला मात्र राहून राहून वाटते, की ज्यांची पाठ विटा पाडता पाडता मोडली, त्यांच्या सुटकेचे गाणे विटांच्याच रचनेत यावे, हा योगायोग असला तरी फार बोलका आहे. चित्राला बंदी, तर कोऱ्या जागेलाच बोलते केले!

ख्रिस्ती मठांत ही बंदी सैल झाली आणि हात मोकळे सुटले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘बुक ऑफ केल्स’ आहे, इ. स. ८००च्या आसपासचे. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध पानावर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरे इतकी फोफावली आहेत, की बाकीच्या शब्दांना कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागले आहे. वेलबुट्टीत नीट शोधले तर मांजरे सापडतात, उंदीर सापडतात, मासा पकडलेले पाणमांजरही सापडते. पान अप्रतिम आहे यात शंका नाही. पण ते वाचायचे की नुसते पाहत राहायचे? पुढे पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गने जर्मनीत बायबल छापले, तेव्हाही आद्याक्षरे हाताने रंगवायला त्याने जागा राखली होती. वाचणे आणि पाहणे यांची ओढाताण छापखान्यातही चालूच राहिली.

या ओढाताणीत एका माणसाने जे केले, ते ऐकून मन चरकते. टी. जे. कॉब्डेन-सँडरसन हे मूळचे वकील. वकिली सोडून ते पुस्तकबांधणीत शिरले. इ. स. १९००मध्ये त्यांनी एमरी वॉकर या जाणकार भागीदारासह लंडनमध्ये हॅमरस्मिथला, थेम्सच्या काठी, ‘डव्ह्ज प्रेस’ काढला. नाव घेतले शेजारच्या दारूच्या गुत्त्याचे, हे त्यातल्या त्यात गमतीचे. पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये निकोला जेन्सनने घडवलेल्या अक्षरांवरून त्यांनी स्वतःचा टाइप करवून घेतला, एकाच आकाराचा. त्यात १९०३ ते १९०५ या काळात पाच खंडांचे बायबल छापले, अवघ्या पाचशे प्रती. चित्र नाही, महिरप नाही, वेलबुट्टी नाही.

पहिल्या पानावर मात्र एक गोष्ट घडते. सृष्टीच्या आरंभाचे इंग्रजीतले पहिले तीन शब्द एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने तांबड्या रंगात दिले आहेत. त्यातले पहिले अक्षर ‘आय’, म्हणजे निव्वळ एक उभी रेघ. ती मजकुराच्या वरपासून पार खालपर्यंत सरळ उतरते. आधी काहीच नव्हते आणि मग काहीतरी झाले, एवढे सगळे त्या रेघेत आहे. माझ्या मते बायबलचे शब्द ‘दाखवण्याचा’ याहून नेमका प्रयत्न क्वचितच झाला असेल.

पुढे भागीदारांचे बिनसले. कॉब्डेन-सँडरसन यांच्या मृत्यूनंतर टाइप वॉकरकडे जावा, असा समझोता झाला. पण हा टाइप उद्या यंत्रावर चढेल, त्यातून वाटेल ते छापले जाईल, ही कल्पनाच म्हाताऱ्याला सहन होईना. १९१६च्या उन्हाळ्यापासून १९१७च्या जानेवारीपर्यंत, पंचाहत्तरी उलटलेला हा गृहस्थ अंधार पडल्यावर खिळे घेऊन घराबाहेर पडे आणि हॅमरस्मिथच्या पुलावरून ते थेम्समध्ये सोडून देई. सुमारे १७० खेपा झाल्या. एक टनाहून अधिक धातू नदीने गिळला. भागीदाराशी हा उघड विश्वासघात होता. १९२२मध्ये कॉब्डेन-सँडरसन वारल्यावर वॉकरने त्यांच्या विधवेवर दावा लावला, आणि त्याची बाजू खरीच होती. पण स्वतः घडवलेल्या अक्षरांवर कोणी इतका जीव लावला असेल, हेही खोटे नाही.

गंमत पाहा, त्याच १९१६ साली जॉन्स्टनने काढलेली नवी अक्षरे लंडनच्या भुयारी रेल्वेवर झळकू लागली. एकाची अक्षरे नदीच्या तळाशी चालली होती, दुसऱ्याची लाखो प्रवाशांसमोर येत होती. २०१४मध्ये रॉबर्ट ग्रीन या डिझायनरने पाणबुड्यांच्या मदतीने थेम्सच्या गाळातून दीडशे खिळे वर काढले आणि त्यांच्या आधारे आपला संगणकावरचा डव्ह्ज टाइप सुधारून घेतला. म्हणजे ज्या यंत्राच्या धास्तीने ते बुडवले, त्याहून मोठ्या यंत्रात ते शेवटी पोचलेच.

चित्रांना दार उघडणारा प्रयत्न आपल्या काळातही झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सेंट जॉन्स मठाने १९९८मध्ये डोनल्ड जॅक्सन या ब्रिटिश सुलेखनकाराकडे संपूर्ण बायबल हाताने लिहून घेण्याचे काम सोपवले. वासराच्या कातड्यावर, पिसाच्या लेखणीने चाललेले हे काम २०११मध्ये पुरे झाले. त्यात येशूच्या वंशावळीच्या चित्रात डीएनएचा पीळ आहे, सृष्टीच्या चित्रात उपग्रहातून दिसणारा आपल्या गंगेचा त्रिभुज प्रदेश आहे. एके ठिकाणी लिहिताना ओळ राहून गेली. पान फाडायचे कसे? मग ती ओळ खाली समासात लिहिली, आणि एक मधमाशी दोरी-कप्पीने ती वर ओढते आहे असे चित्र काढले. चुकीचीच नक्षी केली!

इतके सगळे पाहून मन शेवटी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला येते. पंडिता रमाबाई तिथल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणत होत्या. भाषा साध्या बायाबापड्यांना कळावी, हा त्यांचा ध्यास. छापखाना तिथलाच, आणि खिळे जुळवणारे हातही तिथल्याच बायकामुलींचे. वैधव्याने किंवा दुष्काळाने घराबाहेर फेकलेल्या कितीजणी रमाबाईंच्या आश्रयाला आल्या होत्या. देवनागरीच्या जुळणीत काना, मात्रा, जोडाक्षरे धरून कित्येक शे खाने सांभाळावे लागतात. त्यात शिशाच्या खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते बोटांनी ओळखायचे, ओळीत बसवायचे, आणि कागदावर सुलटे उमटले की मगच नीट वाचायचे.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले ते १९२४मध्ये.