रोग चाकात, पाना लिव्हरला

घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सारतो. ड्रायव्हर बॉनेट उघडायला जातो तो नंतर. पार्किंग ब्रेकचा सगळ्यात जुना अवतार हाच असावा. (ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहून मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नशिबी येतो, तो भाग वेगळा.)

साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या डिकीत, म्हणजे या गाडीच्या बाबतीत पुढच्या बाजूला, एक वीट होती. आधीच्या मालकांनी किल्लीबरोबर विटेचीही ओळख करून दिली. हँडब्रेक होता, पण लिव्हर जवळजवळ उभा होईपर्यंत ओढला तरी गाडी सोसायटीच्या उतारावर सावकाश, अगदी सभ्यपणे, फाटकाकडे निघायची. हँडब्रेकची केबल सैल झालीय, नट आवळून घ्या, असा सल्ला मला चार जणांनी दिला. नट आवळलेलेच होते. इतके, की पुढे आटेच शिल्लक नव्हते.

ही केबल जाते कुठून, ते आधी सांगतो. बीटलचं इंजिन मागे आणि माणूस पुढे. त्यामुळे माणसाची प्रत्येक इच्छा गाडीच्या मधोमध असलेल्या पोकळ कण्यातून मागे न्यावी लागते. त्या बोगद्यात गिअरचा दांडा आहे, क्लचची केबल आहे, अ‍ॅक्सिलरेटरची आहे, हीटरच्या आहेत, पेट्रोलची नळी आहे आणि हँडब्रेकच्या दोन केबल आहेत, मागच्या दोन चाकांना एकेक. पुढे दोन सीटच्या मध्ये लिव्हर असतो. त्याच्या बुडाशी रबरी टोपण वर केलं की दोन्ही केबलची आट्याची टोकं दिसतात, प्रत्येकावर आवळायचा नट आणि तो सुटू नये म्हणून दुसरा नट. तिथून पोलादी नळ्यांतून केबल मागे जातात, कण्याबाहेर पडून लवचीक आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, शिरतात आणि वळण घेत चाकामागच्या पत्र्यातून ड्रमच्या आत. आत एका ब्रेक शूला छोटी तरफ असते. केबल तिला ओढते, तरफ मधल्या पट्टीला रेटते आणि दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. पायाच्या ब्रेकचं तेल या कामात कुठेच येत नाही. तेल गळून गेलं तरी हा ब्रेक लागला पाहिजे, म्हणूनच तो वेगळा ठेवलेला असतो.

आज आपण या केबलला दुय्यम समजतो, पण बीटलच्या घरात ती थोरली आहे. सुरुवातीच्या बीटलना पायाचा ब्रेकसुद्धा केबलचाच होता; पेडल दाबलं की चार चाकांकडे चार तारा ताणल्या जायच्या. १९५० मध्ये निर्यातीच्या मॉडेलला तेलाचे ब्रेक मिळाले. स्वस्तातलं स्टँडर्ड मॉडेल मात्र १९६२ पर्यंत तारांवरच थांबत होतं. म्हणजे माणूस अवकाशात जाऊन आला, तरी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून चार तारांच्या भरवशावर थांबणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्या बाहेर पडत होत्या!

त्या वोल्फ्सबुर्गपासून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत हार्त्स पर्वतातलं क्लाउस्थाल आहे. तिथल्या खाणींत खनिज वर ओढायला तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. साखळीचा दोष असा, की एक कडी तुटली की सगळं खाली, आणि तुटण्याआधी ती काही सांगत नाही. खाणीचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये साडेतीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारा घेतल्या, चार-चार तारांचे पेड केले आणि तीन पेड एकत्र वळून दोर केला. त्यातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार धरतात आणि तुटलेलं टोक बाहेर डोकावून माणसाला सावध करतं. हँडब्रेकची केबल त्याच दोराची पणती. तिला आउटरची म्यान मिळाली ती नंतर, अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्याकडून, १८९६ च्या पेटंटमध्ये. रॅले सायकलचे फ्रँक बाउडन ते हे नव्हेत. दोघांचं नातंही नव्हतं, पण ब्रेकची केबल सायकललाच लागल्यामुळे लोकांनी दोन्ही बाउडन एकत्र करून टाकले. अर्नेस्टरावांची मेख अशी, की तार ओढली जाते तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने उलट दाबला जातो. त्यामुळे ओढ कोपऱ्याभोवती वळवता येते, कप्प्या लागत नाहीत.

आणि तिथेच रोगाचं मूळ आहे. बंदरात खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि एका हाताने भरलेला पडाव अडवतो. ती कमाल वेढ्यांमधल्या घर्षणाची असते. गणिती ऑयलरने त्याचं गणित मांडून ठेवलं आहे. केबलचं वळण म्हणजेही वेढाच, फक्त इथे घर्षण आपल्या विरुद्ध काम करतं. समजा, सगळी वळणं मिळून केबल अर्धं वर्तुळ वळते. ती स्वच्छ आणि ग्रीस लावलेली असेल, घर्षणांक ०.१ धरला, तर पुढे १०० किलोंनी ओढलं की मागे ७३ किलो पोचतात. आत पाणी शिरून गंज धरला आणि घर्षणांक ०.४ झाला, की पोचतात फक्त २८. बाकीचे ७२ किलो आउटरच्या भिंतीवर खर्च होतात. हाताला मात्र लिव्हर घट्ट लागतो, आणि माणूस म्हणतो, ब्रेक छान लागलाय.

हाताकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा युरोपातला नियम सांगतो: भरलेली गाडी पाचास एक उतारावर उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलोंपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. अशा उतारावर ८०० किलोंची रिकामी गाडीसुद्धा दीडशे किलोंहून अधिक जोराने खाली ओढते. हा मेळ लिव्हरची आणि शूची तरफ बसवते. शिवाय ड्रमचा एक गुण मदतीला येतो: ड्रम फिरू पाहतो तसा एका शूला आपल्याबरोबर खेचून आणखी आवळून घेतो. मागे डिस्क असलेल्या कित्येक गाड्यांत पार्किंगसाठी डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रम लपवलेला असतो, तो उगीच नाही.

शेवटी मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती जॅकवर घेतली आणि पहिलं काम केलं ते मला उलटं वाटलं. लिव्हरपाशी जाऊन त्यांनी दोन्ही नट पार ढिले केले. इतकी वर्षं चार मालकांनी जे आवळलं, ते दोन मिनिटांत सोडून दिलं. मग ते मागे गेले. शूवरचे लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते शूपाशीच कमी करायचं असतं, त्यासाठी दात्यांची चाकं आहेत. भोकातून पेचकस घालून ती फिरवतात. काही वर्षांच्या गाड्यांत हे भोक ड्रमला असतं, काहींत मागच्या पत्र्याला. चाक हाताने फिरवताना लायनर घासू लागला की तीन-चार दात मागे यायचं. हे न करता केबल आवळत गेलं तर तरफ आधीच अर्धी ओढलेली राहते, शू कायम अंगाला लागतो, तापतो, आणि गरजेच्या वेळी तरफेला जायला जागा नसते. पण शूसाठी गाडीखाली झोपावं लागतं आणि केबलचा नट सीटवर बसून आवळता येतो. त्यामुळे पाना लिव्हरलाच लागतो.

उजवी बाजू एवढ्यावर सुधारली. डावी केबल मात्र हलेना. ड्रम काढायला आसावरचा छत्तीसचा नट सोडायचा होता. हा नट बसवतानाच ३० किलोग्रॅम-मीटरने आवळतात, म्हणजे ४० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर ७५ किलोंचा माणूस उभा राहिल्यासारखा. सोडताना वर गंजाचं व्याज. पान्याला पाइप लावून मी त्यावर उभा राहिलो. माझ्या वजनाचा गाडीला झालेला हा पहिलाच उपयोग. केबल बाहेर आली तेव्हा पोलादी नळी संपून आउटर सुरू होतो तिथे ती पिंजली होती. निम्म्या तारा तुटून वर आल्या होत्या, आल्बर्टसाहेबांच्या दोरातल्यासारख्या, सावध करायला. बघायला कोणी गेलं नव्हतं इतकंच.

अशी केबल जोडत नाहीत. नमुना दाखवला की तेवढ्या लांबीची केबल करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, आणि स्पीडोमीटरच्या किंवा चोकच्या केबलसाठी मी त्यांच्याकडे डोळे मिटून जाईन. हँडब्रेकसाठी मात्र टोक कसं बसवलंय ते विचारतो. पितळेने झाळलेलं टोक दिसायला भक्कम, पण त्या आचेने शेजारची तार मऊ पडते आणि नेमकी तिथे तुटते. दाबून बसवलेलं टोक बरं. मी तयार केबल मागवली. त्यातही गाडीचं साल तपासून, कारण बीटलच्या केबलची लांबी मॉडेलप्रमाणे बदलत गेली आहे आणि दिसायला सगळ्या सारख्या असतात.

एक सांगायचं राहिलं. जुनी केबल सुटी करायला आधी लिव्हर काढावा लागतो. तो हातात आल्यावर त्याच्या टोकाचं बटण दाबायचं नाही, दातेरी तुकडा निसटून पडतो, असं मिस्त्रींनी मला बजावलं होतं. बॉलपेनचं बटण दिसलं की दाबणारी माणसं असतात. मी त्यांतला आहे. तुकडा बोगद्यात पडला. मिस्त्री काही बोलले नाहीत; चुंबक लावलेली सळई आणि बॅटरी माझ्या हातात दिली आणि चहाला गेले.

नवी केबल ग्रीस माखून मागून नळीत सारली, टोक पुढे लिव्हरपाशी उगवलं. आता कुठे नटांची पाळी आली. लिव्हर दोन दात ओढायचा आणि दोन्ही चाकं हाताला सारखीच जड लागेपर्यंत नट आवळायचे. चौथ्या दाताला चाक हाताने फिरता कामा नये. तिसऱ्या खेपेला डावं-उजवं जुळलं. हे जुळवणं कानाने आणि मनगटाने होतं. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सीरीजपासून हँडब्रेक ओढायच्या कामाला बटण आणि मोटर आली. तिथे हाताला ना केबल लागते ना तिची कुरकुर.

सोसायटीच्या उतारावर गाडी आता चौथ्या दाताला उभी राहते. वीट मात्र मी टाकलेली नाही. पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. अशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत लायनर ड्रमला धरून बसतात आणि मग ते सोडवायला पुन्हा छत्तीसचा नट. म्हणून जून लागला की गाडी सपाटीला आणतो, पहिल्या गिअरमध्ये टाकतो, लिव्हर खाली करतो आणि मागच्या चाकाला वीट लावतो.